इंदूकाकूंची नववी खुर्ची

इंदूकाकू आठ माणसांचे हात बांधायच्या आणि खुर्च्या मात्र नऊ मांडायच्या.

मंगळवारी आणि गुरुवारी, सकाळी दहाला. ईडन प्रेरीत एका टायरच्या दुकानामागे लांबट हॉल आहे. संध्याकाळी तिथे तरुण मुलंमुली बॉक्सिंग शिकतात. सकाळी कंपवाताची माणसं येतात. कंपवात झालेल्या माणसाने टांगलेली जड बॅग बडवली, पाय हलते ठेवले, मोठ्याने आकडे मोजले की अंग जरा ताब्यात राहतं, असं इथले डॉक्टर सांगतात. कुणी कुणाला मारत नाही. पण बॅगेला मारायचं तरी ग्लोव्ह्जच्या आत हात पट्टीने बांधावे लागतात, नाहीतर मनगट मुरगळतं, बोटांची हाडं दुखावतात. ज्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही त्यांनी स्वतःचे हात कसे बांधायचे? ते काम काकूंचं.

घडीच्या लोखंडी खुर्च्या त्या भिंतीशी ओळीने लावायच्या. आठ खुर्च्यांवर आठ माणसं बसायची. काकू स्टूल सरकवत एकेकासमोर जायच्या. आठवा माणूस झाला की स्टूल नवव्या, रिकाम्या खुर्चीसमोर घ्यायच्या. पिशवीतून धुऊन धुऊन पिवळट पडलेल्या दोन पट्ट्या काढायच्या. त्यातली एक आपल्याच डाव्या हातावर शेवटपर्यंत बांधायच्या आणि मग आतून हात हळूच ओढून घ्यायच्या. पट्टी तशीच राहायची, बोटांच्या जागा, अंगठ्याची जागा, सगळं जागच्या जागी, फक्त आत हात नाही. ती खुर्चीवर ठेवायच्या. मग उजवी तशीच. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या की उठून डॅरिलकडे बघून मान हलवायच्या. डॅरिल म्हणजे तिथला कोच. मग तो गाणी लावायचा.

कुणी काही विचारत नसे. मला वाटलं, इथली काही पद्धत असेल. मला न कळणाऱ्या गोष्टी इथे पुष्कळ होत्या, त्यात आणखी एक.

आम्ही तिथे गेलो ते माझ्या यजमानांमुळे. ह्यांचं संगमनेरला केस कापायचं दुकान होतं. छत्तीस वर्षं वस्तरा धरला. हात असा की गिऱ्हाईक खुर्चीत झोपून जायचं आणि दाढी संपल्यावर त्याला उठवावं लागायचं. मग तो हात कापायला लागला. एकदा एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला. त्या माणसाने रुमालाने पुसलं आणि तो गेला. पुढच्या खेपेला समोरच्या दुकानात बसलेला दिसला. त्याच आठवड्यात ह्यांनी शटर ओढलं. पुढे निलेशने, आमच्या मुलाने, आम्हाला इकडे अमेरिकेत आणलं.

इथे आल्यापासून ह्यांचे हात स्वेटरच्या खिशात असायचे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकटे जेवायचे. सून म्हणायची, "बाबा, आमच्याबरोबर बसा ना, इट्स ओके." हे नुसती मान हलवायचे. मला एकच भीती होती. हात जसे खिशात गेले तसा हा माणूस हळूहळू सगळाच आत जाईल आणि मी बाहेर उभी राहीन.

पहिल्या दिवशी बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत होता. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, लहानखुऱ्या, केस बारीक कापलेले, मनगटावर पुरुषी घड्याळ. मराठी ऐकून आमच्याकडे आल्या, नावं विचारली.

"कुठले?"

"संगमनेर," मी म्हटलं.

"मी नाशिकची. म्हणजे शेजारीच. बसा, दत्ताभाऊ. हात माझ्याकडे द्या आणि तुम्ही खिडकीबाहेर बघा."

"कशाला?" हे म्हणाले.

"तुम्ही बघितलं की तो लाजतो."

तो म्हणजे हात. काकू माणसाशी कमी आणि हाताशी जास्त बोलायच्या. ह्यांनी खिशातून हात कसा काढला मला कळलंच नाही. हे खिडकीबाहेर बघत होते, तिथे दुकानातला माणूस टायर घरंगळवत नेत होता, आणि ह्यांचा हात काकूंच्या मांडीवर होता.

"बोटं फाक बघू. अशी. उजवा शहाणा आहे," काकू म्हणाल्या. मग दुसरा हात घेतला. "हा डावा रुसलाय. बायकोवर गेलाय वाटतं."

हे हसले. किती महिन्यांनी हसले ते मी मोजलं नाही, पण मला ऐकू आलं.

पट्टी कशी बांधायची ते मी त्या दिवशीच पाठ केलं. पट्टीच्या एका टोकाला लूप असतं, ते अंगठ्यात घालायचं. पट्टी पंजाच्या पाठीवरून मनगटाकडे न्यायची. मनगटाला तीन वेढे. पंजावर बोटांच्या मुळाशी तीन. मग बोटांच्या मधून तीनदा, करंगळीपासून सुरू करून. मग अंगठ्याला एक, पुन्हा पंजावर तीन, आणि शेवट मनगटावर, तिथे चिकटपट्टी लावून टाकायची. बोटं सगळा वेळ फाकलेली पाहिजेत. "फिट हवी, टाइट नको," काकू म्हणायच्या. सगळ्या पट्ट्या सारख्याच लांबीच्या. मोठ्या हाताला पट्टी बरोबर पुरते. लहान हाताला शेवटी मनगटावर दोन वेढे जास्त घ्यावे लागतात. ते घेऊनही टोक लोंबायला लागलं तर काकू पहिल्यापासून सोडायच्या. "पट्टी उरली म्हणजे कुठेतरी घाई झाली," हे त्यांचं नेहमीचं. नव्वदीच्या एका आजोबांना त्यांनी एकदा तिसऱ्यांदा बांधलं, आजोबा पेंगायला लागले तरी.

बांधून झालेले हात ह्यांनी गुडघ्यांवर ठेवले. थरथर थांबली नव्हती, पण शेजारच्या खोलीत गेल्यासारखी झाली होती. मग हे उठले आणि बॅगेला मारलं. डॅरिल म्हणाला, "गुड हँड्स, दत्ता." हे मला घरी येताना गाडीत दोनदा म्हणाले, "गुड हँड्स म्हणाला तो."

मला तिथे नुसतं बसवेना, म्हणून मी पट्ट्या धुवायला घरी न्यायला लागले. पहिल्या खेपेला सगळ्या धुतल्या, वाळवल्या, छान घट्ट गुंडाळून नेल्या. काकूंनी एक हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"लीला, लूप कुठे आहे?"

लूप आत होतं. मी लुपापासून गुंडाळायला सुरुवात केली होती, त्यामुळे सगळ्या उलट्या झाल्या होत्या. उलगडून पुन्हा गुंडाळल्याशिवाय एकही वापरता येईना.

"आता आठ माणसं वाट बघणार आणि आपण दोघी इथे वाती वळत बसणार," काकू म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. मी शरमेने खाली बघत सगळ्या पुन्हा गुंडाळल्या. त्यानंतर माझी ती चूक कधी झाली नाही.

पण धुवायला घेतल्या त्याच दिवशी मला एक गोष्ट दिसली होती. वर्ग संपल्यावर मी खुर्च्यांवरच्या पट्ट्या गोळा करत होते. सगळ्या घामाने ओल्या. नवव्या खुर्चीवरच्या उचलल्या, त्याही ओल्या. मी पुन्हा हात लावून बघितला. पिवळट कापड, आतल्या बाजूने ओलं आणि अजून कोमट. काकूंचा घाम म्हणावा तर त्यांचे हात कोरडे, थंडीने भेगा पडलेले. आणि तिथे हात होता तो जेमतेम दोन मिनिटं, तेही तासाभरापूर्वी.

मी घाबरून लगेच विचारलं नाही. तीन आठवड्यांनी विचारलं.

"काकू, ती खुर्ची कुणाची?"

"डॉक्टरांची." त्यांचे यजमान सर्जन होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांना कंपवात झाला. सर्जनच्या हाताला. काकू त्यांना घेऊन इथे यायच्या, सहा वर्षं त्यांचे हात बांधले. शेजारच्यांना स्वतःचे बांधता येईनात तर त्यांचेही बांधायला लागल्या. डॉक्टर गेले, काकू येत राहिल्या.

"ते येतात का?" मी विचारलं. तोंडातून निघून गेलं.

"मी कुठे म्हटलं येतात म्हणून?" काकू पट्टी गुंडाळत म्हणाल्या. "मी येते."

मार्च लागला तशा काकू माझ्या मागे लागल्या. "तू शीक. बर्फ वितळायच्या आत शीक."

"मला कशाला? तुम्ही आहात की."

"शीक म्हटलं ना."

मला ह्यांचा हात चारचौघांत धरायची सवय नाही. संगमनेरला आम्ही रस्त्याने चालायचो तर हे चार पावलं पुढे असायचे. मी तसं म्हटलं तर काकू म्हणाल्या, "सून आणलीस, नातू झाला, आणि नवऱ्याचा हात धरायला लाजतेस? मग आधी माझ्या हातावर कर."

मी केलं. पहिल्यांदा मी मुठीवरच बांधलं, आपण मुका मार लागला की हळद लावून घट्ट बांधतो तसं. काकूंची बोटं निळी पडली. "मारून टाकशील एखाद्याला," त्या म्हणाल्या. "सोड. बोटं फाकायची, मग बांधायचं, मग मूठ वळायची." त्यांचा हात इवलासा. दोन वेढे जास्त घेऊन मी पट्टी मनगटावर चिकटवली तेव्हा त्या म्हणाल्या, "हं. आता तुझा हात दे, ताण किती ठेवायचा ते दाखवते."

माझे हात मोठे आहेत, बापासारखे. मी हात त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी मनगटाला पहिला वेढा घेतला आणि मला थरथर जाणवली. बारीक, सतत, मांजर गुरगुरताना त्याच्या पाठीवर हात ठेवला तर लागते तशी. मला वेगळं काही वाटलं नाही. मी रोज बघत होते, पट्टी बांधताना हात थरथरतातच.

मग लक्षात आलं की हात माझा आहे.

मी वर बघितलं. काकू माझ्याकडेच बघत होत्या.

"कळलं ना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग बोलू नकोस."

"कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले. डॉक्टर गेले त्याच्यानंतरचे."

"औषध?"

"घेते. डॉक्टरची बायको आहे मी, वेडी नाही."

"मग सांगत का नाही?"

"सांगितलं की डॅरिल मला खुर्चीवर बसवेल. चांगला माणूस आहे, लगेच बसवेल. मग ह्या आठ जणांना कोण बांधणार? आणि तिथे समोर कोण बसणार?" त्यांनी हनुवटीने नवव्या खुर्चीकडे दाखवलं. "कापणाऱ्या हातात कापणारा हात असला की कोण कापतंय ते कुणाला कळत नाही, लीला. इतके दिवस चाललं. तुझाच हात मेला स्थिर निघाला."

"आणि त्या खुर्चीपाशी? तिथे तर कुणाचाच हात नसतो."

"तिथे परवा नीट बघ," काकू म्हणाल्या.

गुरुवारी मी नीट बघितलं. काकू रिकाम्या खुर्चीसमोर बसल्या, पिवळट पट्टी काढली, आणि त्यांचे हात थरथरायचे थांबले. जराही हलत नव्हते. तसे हात मी एकाच माणसाचे पाहिले होते, वस्तरा धरलेले, फार वर्षांपूर्वी. मी मनातल्या मनात वेढे मोजत गेले. मनगट तीन, पंजा तीन, बोटं तीन, अंगठा, पंजा तीन, मनगट. काकूंनी चिकटपट्टी लावली. दोन वेढे जास्त घेतलेच नाहीत आणि पट्टी संपली. काकूंच्या एवढ्याशा हातावर, मोठ्या पुरुषी हाताला पुरावी तशी. दुसरीही तशीच. मी चौथीपर्यंत शिकले, पण मोजण्यात माझी चूक होत नाही. त्या दिवशी घरी जाताना गाडीत मी बोटांवर पुन्हा मोजलं आणि मग हात शालीत घेऊन बसले.

घरी मी ह्यांच्यावर सराव करायला गेले. पट्टी घेऊन समोर बसले तर ह्यांनी हात मागे घेतला.

"तू नको."

"काकूंना देता की."

"त्यांचं वेगळं. त्यांना माझा आधीचा हात माहीत नाही," हे म्हणाले. "तुला माहीत आहे."

मी पट्टी गुंडाळून ठेवली.

एप्रिलमध्ये बर्फाचं पाणी व्हायला लागलं. टायरच्या दुकानाच्या पत्र्यावरून थेंब पडायचे, त्याचा आवाज हॉलमध्ये यायचा. त्या मंगळवारी काकूंनी पहिल्या खुर्चीपासून सुरुवात केली. पहिल्या खुर्चीवर हे असायचे. लूप अंगठ्यात घातलं, मनगटाचा एक वेढा झाला आणि पट्टीची गुंडाळी त्यांच्या बोटांतून निसटली. ती फरशीवर उलगडत उलगडत गेली आणि माझ्या पायाशी येऊन थांबली. काकूंनी हात पुढे केला, तो पुढेच राहिला, वारं लागल्यासारखा हलत. आता त्यांच्या हातात कुणाचा हात नव्हता. सगळ्यांनी बघितलं. डॅरिल लांबून यायला लागला.

"लीला, ये," काकू म्हणाल्या. स्टुलावरून उठल्या. "दत्ताभाऊंपासून सुरू कर."

मी पट्टी उचलून गुंडाळत गुंडाळत ह्यांच्यापर्यंत गेले. ह्यांच्या मनगटाला तिचं दुसरं टोक होतंच. आता हात मागे घ्यायचा तर पट्टी तोडावी लागली असती. मी स्टुलावर बसले. आठ माणसं बघत होती, माझे कान तापले होते. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही.

"खिडकीबाहेर बघा," मी म्हटलं.

ह्यांनी मान वळवली आणि हात माझ्या मांडीवर सोडला.

केवढा जड होता तो. इतकी वर्षं बरोबर राहून मला माहीत नव्हतं. मी हाताला म्हटलं, बोटं फाक. बोटं फाकली. मनगट, पंजा, बोटं, अंगठा. शेवट मनगटावर आला आणि पट्टी बरोबर पुरली. मागून काकूंचा आवाज आला, "फिट आहे का, दत्ताभाऊ?"

"फिट आहे," हे खिडकीबाहेर बघत म्हणाले.

त्या दिवसापासून हे घरी सगळ्यांबरोबर जेवायला बसायला लागले. ताटाभोवती सांडतं, सांडू दे.

आठही जणांना त्या दिवशी मीच बांधलं. नववी खुर्ची काकूंनी केली. तिथे त्यांचे हात थांबले, आणि ह्या वेळी ते डॅरिलनेही बघितलं. तो दाराशी उभा राहिला आणि त्याने बराच वेळ गाणी लावली नाहीत.

जूनमध्ये काकूंची मुलगी त्यांना दूर प्लेनो गावाला आपल्या घरी घेऊन गेली. निघायच्या आधी शेवटच्या वर्गाला आल्या तेव्हा मी विचारलं, "त्या पट्ट्या?"

"त्या मी नेते. तिथे खुर्च्या काय कमी आहेत?" मग माझा दंड धरून म्हणाल्या, "तू मात्र नऊच मांडत जा. आठ मांडल्या की ओळ तुटकी दिसते."

अधूनमधून फोन करायच्या. "उजवा काय म्हणतो?" म्हणून ह्यांच्या हाताची चौकशी करायच्या. नोव्हेंबरमध्ये मुलीचा फोन आला. काकू दुपारच्या जेवणानंतर खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. मुलगी म्हणाली, "मावशी, आईने एक पार्सल तुमच्या नावाने करून ठेवलं होतं."

पार्सलमध्ये त्या दोन पिवळट पट्ट्या होत्या. एक नीट गुंडाळलेली, लूप बाहेर. दुसरीचं लूप आत होतं. काकूंची चूक मी पहिल्यांदा बघितली. मी ती उलगडली आणि नीट गुंडाळली.

पुढच्या मंगळवारी मी नऊ खुर्च्या मांडल्या. आठ जणांचे हात बांधले. मग स्टूल सरकवून नवव्या खुर्चीसमोर बसले. मला काही करायचं होतं असं नाही. पण पट्ट्या पिशवीत होत्या, आणि खुर्ची समोर होती.

मी लूप माझ्या डाव्या अंगठ्यात घातलं. मनगट तीन, पंजा तीन, बोटं तीन, अंगठा, पंजा तीन. शेवटचा मनगटाचा वेढा घेतला तर हातात अजून पट्टी होती. माझ्या मोठ्या हाताला ती तिथेच संपायला हवी होती. मी पुन्हा मोजलं. एकही वेढा चुकला नव्हता. मी मनगटावर एक वेढा घेतला. आणखी एक घेतला. लहान हाताला, काकूंच्या हाताला घेतले होते ते दोन.

तेव्हा आत थरथर सुरू झाली. बारीक, सतत. ती मला माहीत होती. ती पट्टीची होती, की माझ्या स्वतःच्या हाताची, ते मला सांगता येईना. हात आतून ओढून घ्यायचं धाडस होईना. रिकामी पट्टी हलताना दिसली असती तर? आणि पट्टी सुटून माझाच हात हलताना दिसला असता तर?

हे आपल्या खुर्चीवरून उठून आले. अजून ग्लोव्ह्ज घातले नव्हते. मी बांधलेला आपला हात ह्यांनी माझ्या हातावर ठेवला. पट्टीवर पट्टी. आता दोन्ही थरथरी एकच झाल्या.

"कुणाची आहे?" ह्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"असू दे," हे म्हणाले. "तू खिडकीबाहेर बघ."

मी बघितलं. बाहेर ह्या वर्षीचा पहिला बर्फ पडत होता आणि दुकानातला माणूस टायर आत घेत होता. किती वेळ गेला मला माहीत नाही. ह्यांनी आपला हात उचलला नाही. चिकटपट्टी लावायची राहिली होती, म्हणून शेवटी मी खाली बघितलं. पट्टी संपली होती. जराही उरली नव्हती.